ठेवी, टनेज आणि मे महिन्यातली विहीर: गावाची समृद्धी मोजायची कशी?

खानापूर-कडेगाव भागातल्या काही ग्रामपंचायत सदस्यांनी आणि शिक्षकांनी मिळून एक प्रश्न विचारला आहे. टेंभू-ताकारी उपसा सिंचन योजनांचं पाणी आलं, ऊस वाढला, पतसंस्थांच्या ठेवी वाढल्या, दारात चारचाकी आल्या. जिल्ह्याचं दरडोई उत्पन्नही वाढलेलं दिसतं. पण गाव खरंच समृद्ध झालं का, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मग मोजायचं काय, आणि आमच्यासारख्यांना ते जमेल का?

जमेल. सात-आठ गोष्टी निवडा. त्या घरात, विहिरीवर आणि शेतात जाऊन मोजा. दर वर्षी त्याच महिन्यात मोजा. सरासरीऐवजी खालच्या घरांची स्थिती पुढे ठेवा आणि सगळ्याचा मिळून एकच आकडा करू नका. उत्पन्नाचा आकडा वर्षभरात किती उलाढाल झाली ते सांगतो. तुम्हाला मोजायचंय ते, त्या उलाढालीनंतर गावात काय राहिलं ते.

आधी जिल्हा उत्पन्नाचा आकडा तयार कसा होतो ते समजून घ्या, नाहीतर त्याला शिव्या देण्यात किंवा त्याची पूजा करण्यात वेळ जातो. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय तो काढतं. शेतीचा भाग बराचसा जिल्ह्यातल्या पेऱ्यावरून आणि पीक कापणी प्रयोगांवरून येतो. पण बँका, रेल्वे, सरकारी प्रशासन अशा क्षेत्रांचा आकडा राज्य पातळीवर निघतो आणि कामगारांची संख्या वगैरे निकष लावून जिल्ह्यांत वाटला जातो. म्हणजे त्यातला एक हिस्सा जिल्ह्यात मोजलेला नसतो, जिल्ह्याच्या वाट्याला आलेला असतो. त्यामुळे "आमच्या तालुक्याचं दरडोई उत्पन्न अमुक" असं कुणी भाषणात सांगितलं, तर ते कुठून आणलं हे जरूर विचारा.

दुसरी गोष्ट, उत्पादन जिथे होतं तिथे ते मोजलं जातं. तुमच्या भागातले गलाई व्यावसायिक देशभरच्या सराफ पेठांत सोनं-चांदी शुद्ध करतात. त्यांची कमाई त्या त्या राज्याच्या खात्यात पडते. विट्याच्या आसपास दिसतात ते बंगले, ठेवी आणि जत्रेची वर्गणी. पाटण-जावळीतून मुंबईला गेलेल्या माथाडी कामगारांचंही तसंच. कोयनेचं उदाहरण तर फार बोलकं आहे. धरण सातारा जिल्ह्यात, बुडालेली गावं सातारा जिल्ह्यातली, पण मोठी वीजगृहं घाटाखाली पोफळीच्या बाजूला, रत्नागिरी जिल्ह्यात. ज्यांनी जमीन दिली त्यांच्या जिल्ह्याच्या उत्पादनात ती वीज शोधून सापडणार नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. उत्पादनाचा आकडा 'स्थूल' असतो, आणि 'निव्वळ' आकड्यातही फक्त यंत्रं-इमारतींची नेहमीची झीज वजा होते. वर्षभरात जे बुडालं, खारवलं ते कशातूनच वजा होत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या पुरात पडलेलं घर उत्पन्नातून वजा होत नाही. तेच घर पुन्हा बांधलं की सिमेंट, सळई आणि मजुरी त्यात मिळवली जाते. जतचा माणूस आजारी पडून मिरजेच्या दवाखान्यात दाखल झाला की ते बिलही उत्पादनातच जातं. मिरजेची वैद्यकीय परंपरा मोठी आहे आणि ती असणं भाग्याचंच आहे. पण लोक जास्त आजारी पडले म्हणून वाढलेली उलाढाल आणि लोक बरे झाले म्हणून वाढलेली उलाढाल यांत हा आकडा फरक करत नाही.

शिवाय 'दरडोई' काढायला भागाकार लागतो, आणि भाजक २०११ च्या जनगणनेवरून पुढे ढकललेला असतो. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये जेमतेम सात टक्क्यांनी वाढून ३०,०३,७४१ झाली. तोच वेग शिरवळच्या औद्योगिक पट्ट्यालाही लावला आणि माणच्या वाड्या-वस्त्यांनाही लावला, तर दोन्हीकडे चूक होते, आणि ती उलट दिशांना होते.

या मर्यादा कुणी नव्याने शोधलेल्या नाहीत. राष्ट्रीय उत्पन्नाची आधुनिक मोजणी उभी करणारे सायमन कुझनेट्स यांनी १९३४ सालीच अमेरिकी काँग्रेसला दिलेल्या अहवालात बजावलं होतं, की या आकड्यावरून देशाच्या कल्याणाचा अंदाज बांधता येत नाही. १९९० पासून मानव विकास निर्देशांक आला: आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न. आपल्याकडे नीती आयोग बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक काढतो. त्यात आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांना प्रत्येकी एक तृतीयांश वजन आहे आणि एकूण १२ निकष आहेत. ज्या घरात वजनाच्या हिशेबाने एक तृतीयांश किंवा जास्त उणिवा, ते घर गरीब. पद्धत चांगली आहे. पण तिची माहिती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून येते आणि त्याचा नमुना जिल्ह्यापुरता पुरतो. एका तालुक्यासाठी तो फोडला की हातात काही राहत नाही. वीज, बँक खातं, घर हे निकष तर कृष्णाकाठी जवळजवळ सगळीच घरं पार करतात. तुमच्या गावाची दुखणी त्यापुढची आहेत.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्यात आधी जिल्हा हे एकक सोडा. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यात म्हसवडला पाचशेच्या आसपास. त्यांची सरासरी काढली तर तेवढा पाऊस कुठल्याच गावात पडत नाही. सांगलीत शिराळा आणि जत यांचंही हेच. तीन पट्टे धरा: डोंगरी पश्चिम, बागायती नदीकाठ, दुष्काळी पूर्व. तुमच्या दोन तालुक्यांपुरतं बघायचं तर कालव्याचं पाणी नियमित मिळणारी गावं, कालव्याच्या शेपटाकडची गावं आणि पाणी न पोचलेली गावं असे तीन गट पाडा. योजनेच्या नकाशावरचं 'लाभक्षेत्र' यासाठी वापरू नका. मागच्या तीन आवर्तनांत (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्यांत) पाणी खरंच आलं का, हे गावात विचारून गट ठरवा.

प्रत्येक गटातून चिठ्ठी टाकून १० गावं, प्रत्येक गावात २० घरं. म्हणजे गटाला २०० आणि एकूण ६०० घरं. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात, ते धरून गटाच्या टक्केवारीत साधारण १० टक्क्यांची, आणि तिन्ही गट मिळून साधारण ६ टक्क्यांची चूक-भूल राहते. म्हणून एका गटात ४० चे ४४ टक्के झाले तर 'सुधारणा' म्हणून जाहीर करू नका. चूक निम्मी करायची तर घरं चौपट करावी लागतात. एका घरात ३५ मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. माणूस दिवसाला सहा-सात घरं नीट करतो. सहा जणांना हे काम १५-१६ दिवसांचं आहे.

घरांची निवड मतदारयादीवरून किंवा पाणीपट्टीच्या वहीवरून करू नका. गावात फिरून, वस्त्यांसकट घरांची यादी बनवा आणि कुलूपबंद घरालाही क्रमांक द्या. नेहमी होणारी सगळ्यात मोठी चूक इथेच होते: निवडलेलं घर बंद आढळलं की तपासनीस शेजारच्या घरात शिरतो. माण-खटावला, आटपाडीला, पाटणच्या वाड्यांत बंद घर हेच तर मोजायचं असतं. कधीपासून बंद, कुठे गेले, सणाला येतात का, म्हातारं माणूस कुणाकडे आहे, हे शेजाऱ्याकडून लिहून घ्या आणि घर 'बंद' म्हणूनच नोंदवा. उलट बाजूने, जानेवारीत ऊसतोड मजुरांच्या कोप्यांची (तात्पुरत्या झोपड्यांची) वेगळी मोजणी करा. ती माणसं चार-पाच महिने तुमच्या शिवारात राहतात, तुमच्या उसाचं टनेज त्यांच्या कोयत्यावर उभं असतं, आणि ती कुठल्याच यादीत नसतात. कोपीत सहा ते चौदा वयाची मुलं किती आणि त्यातली शाळेत किती, पाणी कुठून, शौचाला कुठे, एवढे तीन प्रश्न पुरेत.

काय मोजायचं यात पाण्यापासून सुरुवात करा, कारण तुमच्या भागात बाकीचं सगळं त्यावर टांगलेलं आहे. सिंचित क्षेत्र मोजू नका, ते सातबाऱ्यावर फुगतं. विहीर मोजा. गावात १० विहिरी निवडा: काही ओढ्याकाठच्या, काही माळावरच्या, दोन तरी कालव्यापासून लांब. प्रत्येकीच्या कठड्यावर एका जागी लाल ऑइलपेंटने खूण करा. दर वेळी त्याच खुणेवरून टेप सोडायचा. टेपच्या टोकाला जड नट बांधा आणि खालच्या मीटरभर भागाला खडू घासा. टेप पाण्यात थोडा बुडेपर्यंत सोडा, खुणेवर टेप किती आला तो आकडा लिहा, वर ओढा आणि खडू कुठपर्यंत भिजला ते बघा. समजा खुणेवर १४.०० मीटर, भिजलेला भाग ०.३५, कठड्याची उंची ०.९०. म्हणजे जमिनीपासून पाणी १२.७५ मीटर खाली. टॉर्च मारून 'साधारण चाळीस फूट' लिहिलेली वही तीन वर्षांनी कवडीच्या कामाची राहत नाही.

मोजायची वेळ पहाटेची, शेतीपंपांची थ्री फेज वीज यायच्या आत. रात्रपाळीची वीज असेल तर ती गेल्यावर निदान सहा-सात तास थांबा. मोटर नुकतीच बंद झालेली विहीर खोटं बोलते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपताना मोजते. तुम्ही निदान मे आणि ऑक्टोबर धरा, म्हणजे त्यांच्या नोंदींशी ताडून बघता येईल. आणि मागचं आवर्तन कधी सुटलं ती तारीख त्याच ओळीत लिहा, कारण तुमच्याकडे कालव्याचं पाणी ओढ्यात किंवा थेट विहिरीत सोडतात. आवर्तनानंतर आठ दिवसांनी भरलेली विहीर गावाच्या भूजलाबद्दल काहीच सांगत नाही. ती उपसा योजनेच्या पंपांबद्दल सांगते. आवर्तनाआधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे ठेवले तर गावाचं स्वतःचं पाणी किती आणि विजेच्या जोरावर वर चढलेलं किती, हे वेगळं दिसतं. ज्या वर्षी योजनेचं वीजबिल थकेल किंवा कृष्णेत पाणी कमी असेल, त्या वर्षी गाव कशावर उभं राहणार याचं उत्तर या दोन आकड्यांतल्या अंतरात आहे.

पाणी किती, इतकंच पाणी कुणाला हेही विचारा. तुमच्याच तालुक्यात, येरळेवर, तांदूळवाडी-बलवडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरण बांधलं. वाळू विकून त्याला पैसा उभा केला आणि भूमिहीनांसकट सगळ्यांना पाण्याचा समान हक्क असं तत्त्व धरलं. तो विचार मोजणीत आणायला एक रकाना पुरतो: मे महिन्यात ज्या घराला पिण्यासाठी दुसऱ्याच्या विहिरीवर, टँकरवर किंवा विकतच्या पाण्यावर अवलंबून राहावं लागलं, ती घरं किती आणि ती कोणत्या वस्तीतली.

पाण्यामागून जमीन. उसाला पाटाने पाणी देत राहिलं आणि निचरा नसला, की काळ्या जमिनीला मीठ फुटतं. वाळवा, पलूस, मिरजेच्या कृष्णाकाठाने हे भोगलेलं आहे. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात क्षारपड जमिनीवर काम होतं, ते बघून या. जिथे कालवा नुकताच आला तिथे हे आत्ताच मोजायला लागा, कारण पांढरा थर डोळ्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मे महिन्यात ० ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर असे दोन वेगळे नमुने घ्या. बांधाजवळ, उकिरड्याच्या जागी किंवा नुकतं खत टाकलेल्या ठिकाणी घेऊ नका. शेताच्या खोलगट कोपऱ्यात पीव्हीसीचा भोकं पाडलेला पाइप दोन मीटर खोल उभा पुरून ठेवा आणि त्यातलं पाणी मोजत जा. ते एक-दीड मीटरच्या आत येऊन राहिलं, तर उसाच्या मुळ्या संकटात आहेत.

प्रयोगशाळेच्या अहवालात एक फसगत ठरलेली आहे. विद्युत वाहकता (क्षारांचं माप) ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर म्हणजे जमीन क्षारयुक्त, ही मर्यादा संपृक्त, म्हणजे पाण्याने जेमतेम पूर्ण भिजवलेल्या, मातीच्या अर्कासाठी आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या माती परीक्षणात एक भाग माती आणि अडीच भाग पाणी असा पातळ अर्क करतात. त्यात आकडा खूपच कमी येतो, आणि १ च्या वर गेलं तरी काळजी करावी लागते. अहवालात १.८ दिसलं म्हणून '४ पेक्षा कमी, जमीन चांगली' असा निष्कर्ष काढलेला सर्रास आढळतो. पद्धत कोणती, हे विचारून अहवालावर लिहून घ्या.

एकरी टनेजसाठी कारखान्याच्या काटा पावत्या वापरा, पण क्षेत्र मात्र शेतात जाऊन मोजा. ऊस नोंदीतलं क्षेत्र आणि खरं क्षेत्र यात काही गुंठ्यांचा फरक सहज असतो, आणि ४० गुंठ्यांच्या एकरात पाच गुंठ्यांच्या चुकीने टनेज १२ टक्क्यांनी बदलतं. आडसाली (जुलै-ऑगस्टची नवी लागण) आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेलं पीक) एकत्र मिसळू नका.

आता पैसा. घरात जाऊन "उत्पन्न किती?" असं विचारू नका. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टला लावला तर दीड वर्षाने तुटतो आणि बिल हप्त्याहप्त्याने येतं. 'मागच्या वर्षी'चा आकडा त्यामुळे एका घरात शून्य आणि शेजारी दुप्पट येतो. दोन सलग हंगाम मिळून हिशेब करा, किंवा सरळ देण्याकडून सुरुवात करा. सोसायटी, पतसंस्था, बँक, सोनेतारण, बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज, हातउसने. प्रत्येकाचं देणं किती, आणि मागचा हप्ता कशातून भरला? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त सांगून जातं. उसाच्या बिलातून भरला, दुधाच्या पगारातून भरला, दुसरं कर्ज काढून भरला, सोनं ठेवून भरला, असे पर्याय छापून ठेवा. सोसायटीची वसुली ९५ टक्के दिसते तेव्हा तिच्यात 'नवं-जुनं' किती आहे हे ताळेबंदावरून कळत नाही. मार्चअखेर चार दिवसांसाठी पैसे फिरवून जुनं कर्ज भरायचं आणि लगेच नवं उचलायचं, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. ते फक्त विचारावं लागतं, आणि विचारणारा सोसायटीशी संबंधित नसावा लागतो. दुष्काळी पट्ट्यातल्या ठेवी वाढल्या याचा अर्थ तिथे उद्योग वाढला असा होत नाही. बाहेरून आलेली कमाई आणि पेन्शन तिथे जमा होते. रिझर्व्ह बँक जिल्हावार ठेवी आणि कर्ज दोन्ही प्रसिद्ध करते. ठेवींच्या मानाने कर्ज कमी असेल, तर तो पैसा दुसरीकडे वापरला जातोय.

मुलांचं पोषण मोजताना अंगणवाडीची नोंदवही जरूर घ्या, पण दर दहा मुलांत एक मूल स्वतः पुन्हा मोजा. ताईंवर अविश्वास म्हणून नव्हे. कुपोषित मुलांच्या आकड्यावरून जाब विचारायला सुरुवात झाली की नोंदी हळूहळू बऱ्या दिसू लागतात, हा कुठल्याही मोजणीचा स्वभाव आहे. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून, त्यावरच्याची उंची उभं करून. उलटं केलं तर सरासरी ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि काठावरची मुलं इकडची तिकडे होतात. वजनकाटा रोज सकाळी ५ किलोचं प्रमाणित माप ठेवून तपासा. जन्मतारीख महिन्यासकट कार्डावरून घ्या, 'अडीच वर्षांचा असेल' यावर उंचीचा निकष लावता येत नाही. जन्माच्या वेळी अडीच किलोपेक्षा कमी वजन असलेल्या बाळांचं प्रमाण हा एक आकडा मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात आईचं खाणं, वय, रक्त आणि गरोदरपणातलं काम सगळंच उतरतं. मातामृत्यूचा दर मात्र गाव-तालुक्यात काढू नका. घटना इतक्या कमी असतात, की एका मृत्यूने दर दुप्पट होतो. त्याऐवजी सिझेरियन होऊ शकेल अशा दवाखान्यात पोचायला घरापासून रात्री किती वेळ लागतो, तो मिनिटांत लिहा. किलोमीटरमध्ये लिहू नका. कोयनेच्या जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात नकाशावरचं अंतर कमी दिसतं आणि लाँच मिळेपर्यंत माणूस काठावर बसून असतो.

मुलींचा आकडा. समृद्धी मोजताना हा टाळणार असाल तर बाकीचं मोजू नका, इतकं हे महत्त्वाचं आहे. २०११ मध्ये सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ८६७ मुली होत्या, साताऱ्यात ८९५. निसर्गतः जन्माच्या वेळी हे प्रमाण साधारण ९५० असतं. उसाच्या, द्राक्षांच्या, सोनोग्राफीचं बिल परवडणाऱ्या जिल्ह्यात हे घडलं. मार्च २०१७ मध्ये म्हैसाळमध्ये ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले, तेही याच बागायती पट्ट्यात. उत्पन्न वाढलं की हे आपोआप सुधारत नाही.

पण हाच आकडा गावपातळीवर सगळ्यात चुकीचा वापरला जातो. वर्षात ४० जन्म झालेल्या गावात कुणीही काहीही गैर केलं नाही, तरी मुली १३ पासून २६ पर्यंत कितीही असू शकतात. म्हणजे प्रमाण पाचशेच्याही खाली किंवा दीड हजाराच्या वर. त्यावरून गावाचा सत्कार करणं आणि गावाला बदनाम करणं, दोन्ही अन्याय आहे. हजार जन्म घेतले तरी निव्वळ योगायोगाने प्रमाण साधारण ८४० ते १०८० मध्ये फिरतं. पाच हजार जन्म हवेत, तेव्हा ९०० च्या खालचा आकडा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. म्हणून जन्मनोंदणीतून अख्ख्या तालुक्याचे, सलग काही वर्षांचे जन्म एकत्र करा. पहिल्या अपत्यापेक्षा, पहिली मुलगी असताना झालेल्या दुसऱ्या अपत्याचं प्रमाण वेगळं काढा. हस्तक्षेप असेल तर तो तिथे दिसतो.

बाईचा वेळ हा उत्पन्नात जवळजवळ न दिसणारा भाग. राष्ट्रीय लेख्यांच्या नियमांनुसार घरासाठी पाणी भरून आणणं हे तत्त्वतः उत्पादन आहे, पण स्वयंपाक, धुणी-भांडी आणि मुलं-म्हातारी सांभाळणं हे त्यात धरलेलंच नाही. २०२४ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं वेळ जात होता, तशा पुरुषांचा ८८ मिनिटं. तुमच्याकडे पाणी आल्यावर हंड्याची पायपीट कमी झाली असेल, पण वैरण आली, जनावरं वाढली, पहाटेच्या धारा वाढल्या. एकूण भार कमी झाला की बदलला, हे विचारूनच कळेल. "दिवसभरात किती तास काम करता?" याला उत्तर येत नाही. कालचा दिवस उठल्यापासून सांगायला लावा आणि गावाच्या घड्याळाने तुकडे पाडा: नळ सुटायच्या आधी, धारा काढून झाल्यावर, पोरं शाळेत गेल्यावर, भांगलणीहून आल्यावर. एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीनंतर विचारा. शेवटी एकच प्रश्न: दुधाचा पगार कुणाच्या खात्यावर जमा होतो?

लोकांना स्वतःला कसं वाटतं, हेही विचारायला हवं. दहा पायऱ्यांची शिडी काढलेला कागद पुढे ठेवायचा आणि आज कितव्या पायरीवर आहात, पाच वर्षांपूर्वी कितवीवर होता, असं विचारायचं. हा प्रश्न सगळ्यात आधी घ्या. कर्जाचे प्रश्न झाल्यावर विचारला तर माणूस दोन पायऱ्या खाली उतरतो. आणि सुनेला सासूसमोर विचारू नका, "बरं हाय की" याच्यापुढे काही मिळणार नाही. बाईने बाईला, गोठ्यात किंवा परसात, वेगळं विचारावं.

हे सगळं गोळा झालं की कुणीतरी म्हणणार, एकच निर्देशांक काढा म्हणजे गावांचे नंबर लावता येतील. तिथे थोडं थांबा. समजा दोन गावांना उत्पन्न, आरोग्य आणि पाणी यांत शून्य ते एकमध्ये गुण दिले. पहिल्याला ०.९, ०.६, ०.२, दुसऱ्याला ०.६, ०.६, ०.५. साधी सरासरी दोघांची सारखीच, ०.५७. पण पहिल्या गावात पाणी संपलेलं आहे. मानव विकास निर्देशांकात २०१० पासून गुणाकार करून घनमूळ काढतात. तसं केलं तर पहिल्याचं ०.४८ होतं आणि दुसऱ्याचं ०.५६ च्या आसपास राहतं. एकच आकडा काढायचाच असेल तर हा मार्ग बरा. माझं मत विचाराल तर गुणपत्रिका द्या, टक्केवारी नको. गणितात नापास झालेल्या पोराला भूगोलाच्या गुणांवर पास करत नाहीत, मग उसाच्या टनेजवर पाण्यात नापास झालेलं गाव का पास करायचं?

गुण देताना त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात वाईट गाव ही टोकं धरू नका. पुढच्या वर्षी ती बदलतात आणि जागेवर असलेलं गाव घसरलेलं दिसतं. पहिल्या वर्षीच टोकं ठरवून कागदावर बांधून टाका. आणि प्रत्येक आकड्याशेजारी खालच्या पाचव्या हिश्शातल्या घरांचा आकडा लिहा: भूमिहीन, अर्ध्या एकराच्या आतले, एकट्या बाईवर चालणारी घरं. गावाचा मधला आकडा वर गेला आणि हा जागेवर राहिला, तर पाणी कुणाच्या शेतात मुरलं ते कळतं.

निकाल १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचा. मे महिन्यातल्या विहिरी, जूनमधली वजनं आणि घरोघरची माहिती तोवर तयार होते. कर्जबाजारी घराचं किंवा कुपोषित मुलाचं नाव सभेत कधीही यायला नको. वस्तीत दहापेक्षा कमी घरं असतील तर त्या वस्तीचा वेगळा आकडाही देऊ नका, लोक लगेच ओळखतात. पहिल्या वर्षीच्या आकड्यांना 'वाढ' किंवा 'घट' असे शब्द लावू नका. दुसऱ्या वर्षी पाऊस वेगळा असेल, म्हणून विहिरीच्या आकड्याशेजारी तुमच्या महसूल मंडळाचा पाऊस लिहा. निदान तिसऱ्या वर्षापर्यंत बदलाबद्दल बोलू नका. मोजणारी माणसं त्या वेळी बदललेली असतील, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर विहिरींचे गट क्रमांक, कठड्यावरची खूण कोणत्या बाजूला आहे आणि कठड्याची उंची किती, हे आजच लिहून ठेवा. कठडा पुन्हा बांधला गेला तर नवी उंची, तारखेसह, त्याच पानावर.